पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार

देवाशी प्रत्यक्ष संवाद असलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती आमच्या शेजारी राहत होती. अशा संवादांची वर्णनं मी पुस्तकांतून पुष्कळ वाचली आहेत. तिथे प्रकाश पडतो, सुगंध दरवळतो, डोळ्यांना धारा लागतात. मार्थाबाई वळवींच्या घरी यातलं काही होत नसे. सकाळी साडेपाचला त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडे आणि संवाद सुरू होई, तो बहुतेक वेळा गॅसच्या शेगडीवर.

"अरे, ही परत पेटत नाही बघ." मग थोडी शांतता. "हो, कालच पुसली." पुन्हा शांतता. आणि मग हसू.

दुसऱ्या बाजूचं मला कधी काही ऐकू आलं नाही. पण फोनवर बोलणारा माणूस पलीकडच्याला जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ मार्थाबाई देत. कधी म्हणत, "बरं." कधी म्हणत, "ते मला पटलं नाही." प्रार्थनेत रडणारे लोक मी सगळ्या धर्मांत पाहिले आहेत. प्रार्थनेत हसणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

लोणखेड्याला कॉलेजच्या मागच्या बाजूला आमची घरं एका भिंतीची. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्या तीसेक वर्षं सातपुड्यातल्या उपकेंद्रांवर नर्स होत्या आणि निवृत्तीनंतर इथे येऊन राहिल्या. उंची बेताची, पावलं भराभर, पांढरी साडी नोकरीबरोबर सुटलेली आणि तिच्या जागी सगळे भडक रंग आलेले. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून माझ्या बायकोने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "वेळ कुठं मिळाला. आणि एक जण आधीच घरात होता."

हा घरातला एक जण त्यांच्याबरोबर नोकरीतही असे. डोंगरातल्या झोपडीत बाळंतपण करताना त्याला त्या कामं सांगत. बॅटरी नीट धर, पाणी तापलं का बघ, आता जरा गप्प बस. बाळंतिणीच्या सासूला वाटे, नर्सबाई आपल्यालाच सांगतेय, आणि ती धावत जाऊन पाणी बघून येई. मार्थाबाई म्हणत, त्याची कामं करायची पद्धत तीच आहे.

मी एकदा त्यांना म्हणालो की माफ करा, पण मला हे स्वतःशी बोलणं वाटतं. त्या रागावल्या नाहीत. भाजी निवडत म्हणाल्या, "तुम्ही वर्गात इतकी वर्षं बोललात सर. कोणी उत्तर दिलं?"

मी समोरची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

मार्थाबाई प्रेमळ होत्या असं त्यांच्याविषयी सगळे बोलतात. हे खरं आहे, पण अर्धवट आहे. त्या भांडकुदळही होत्या. भाजीवालीशी भावावरून, सिलिंडर आणणाऱ्याशी तो पायरीवर आपटण्यावरून, चर्चच्या पाळकसाहेबांशी प्रवचनाच्या लांबीवरून, माझ्याशी आमच्या शेवग्याच्या पानांवरून. महिना कोरडा जात नसे. आणि त्यांच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा एक तुकडा आणि इवल्या पेल्यातला द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. ज्याच्याशी आपलं वाकडं आहे त्याच्याशी आधी गोड व्हावं आणि मगच या मेजाशी यावं, असा नियम आहे. नियम शास्त्रातला आहे. मंडळीतले बाकीचे लोक तो वाचत, मार्थाबाई तो पाळत.

त्यामुळे पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार त्यांना पुरत नसे. सकाळी नऊला छत्री घेऊन त्या निघत आणि महिनाभरात भांडलेल्या प्रत्येकाच्या दाराशी जाऊन माफी मागत. भाजीवाली कपाळाला हात लावी. म्हणे, "बाई, आते काय माफी मांगी ऱ्हायनी तू, मी तं कवयच इसरी गऊ." मग मार्थाबाई तिला आठवण करून देत. कुठल्या वारी, कुठली भाजी, तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले. त्यातून भाजीवालीलाही आठवे, आणि नव्याने सुरुवात होई. शेवटी दोघी हसत, आणि मार्थाबाई चार वांगी जास्त घेऊन परत येत.

एका एसटी कंडक्टरशी त्यांचं तळोद्याच्या बसमध्ये वाजलं होतं. त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. शनिवारी त्या शहाद्याच्या स्टँडवर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये डोकावत राहिल्या. दुपारी तो सापडला. बाईंना ओळखून तो घाबरला, त्याला वाटलं तक्रार घेऊन आल्या, म्हणून त्यानेच आधी माफी मागितली. मार्थाबाईंना ते मान्य नव्हतं. चूक त्यांची होती आणि ती दुसऱ्याने घेतलेली त्यांना चालणार नव्हती. स्टँडवर पुन्हा वाजलं. बस वीस मिनिटं उशिरा सुटली, पण समेट करूनच सुटली.

एकदा बाहेरून कोणी मोठे उपदेशक आले होते. पांढरे बूट, दोन कर्णे, मागे पडद्यावर ज्वाळा. त्यांनी डोळे मिटून जाहीर केलं की या सभेत गुडघ्याच्या दुखण्याने पीडित अशी एक भगिनी आहे, हे मला आत्ताच कळवण्यात आलं आहे. मार्थाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, इथं गुडघा न दुखणारी बाई दाखवा, मग चमत्कार." सभेचा रंग उतरला. त्या महिन्यातल्या शनिवारी उपदेशक पुढच्या मुक्कामी गेले होते, म्हणून त्यांचा नंबर मिळवून फोनवर माफी मागितली. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "बोलले ते चुकलं. खोटं नव्हतं."

मी त्यांना एकदा सरळच विचारलं की तुम्हाला याची, म्हणजे वरच्याची, भीती वाटते म्हणून एवढं करता का. त्या विचारात पडल्या. त्यांना प्रश्न अवघड गेला असं नाही, विचित्र वाटला असावा.

"मला तो आवडतो, सर," त्या म्हणाल्या. "जास्त काही नाही त्यात."

या विषयावर मी दोन कपाटं भरून ग्रंथ जमवले आहेत. त्यांत हे वाक्य इतकं सोपं कुणी लिहिलेलं नाही, कारण मग ग्रंथ झाला नसता.

त्यांच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो त्यांच्याच आग्रहाने. पहिला रविवार होता. शेवटच्या बाकावर बसून मी पंख्याखालची जागा राखत होतो. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरत आलं. मार्थाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, जरा वेळ धरलं, आणि काही न उचलता शेजारणीकडे दिलं. पेल्यांचं तसंच. शेजारणीला नवल वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. म्हणजे हे नेहमीचं होतं.

परतताना मी विचारलं. त्या म्हणाल्या, नऊ वर्षं झाली.

जगाशी गोड होऊन येणारी ही बाई नऊ वर्षं त्या मेजावरून उपाशी उठत होती, कारण एका माणसाशी गोड होणं जमलं नव्हतं. ते माणूस म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण मोगी. अक्कलकुव्याच्या वर, मोलगीच्या रस्त्याला त्यांचं गाव. मार्थाबाई लहानपणी मिशनच्या वसतिगृहात गेल्या, शिकल्या, बाप्तिस्मा घेतला. मोगीबाई गावातच राहिल्या, आईबापांच्या देवांसकट. आई मोगीबाईंकडे असे. ती शेवटच्या घटकेला आली तेव्हा मार्थाबाई प्रार्थना करायला पोचल्या, आणि मोगीबाईंनी गावच्या पुजाऱ्याला, म्हणजे पूजाविधी करणाऱ्या म्हाताऱ्याला, बोलावणं धाडलेलं होतं. तो आला. मार्थाबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्याला आत येऊ देईनात.

"अर्धा तास उभी राहिले मी दारात," त्या म्हणाल्या. "भांडत. पाठ आईकडे. तेवढ्यात ती गेली. तिला ना माझी प्रार्थना मिळाली, ना त्याची पूजा."

नंतर समेटासाठी त्या चारदा गावी जाऊन आल्या होत्या. चारही वेळा मोगीबाईंनी दार लावून घेतलं. मी विचारलं, काय बोलायचात तुम्ही. माफी मागायचे, त्या म्हणाल्या. आणि? आणि मी तसं का केलं ते सांगायचे. थोडं चालून त्या थांबल्या. "म्हणजे माफी मागायला गेले आणि समजावून आले," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब तरुण आणि सज्जन होते. त्यांनी अनेकदा सांगितलं होतं की बाई, तुम्ही तुमच्याकडून केलं, देवाने ते पाहिलं आहे, आता भोजन घ्या. त्यावर मार्थाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं.

"देवानं पाहिलं हो. मोगीनं कुठं पाहिलं?"

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अक्कलकुव्याच्या बाजारातून निरोप आला. गावच्या एका बाईने जीपवाल्याजवळ दिला, जीपवाल्याने शहाद्यात एका दुकानात, आणि दुकानातून तो इथपर्यंत पोचेतो त्यातला राग बऱ्यापैकी शिल्लक होता. निरोप असा: घरी नवाई आहे, हिंमत असेल तर जेवायला ये.

नवाई म्हणजे नव्या धान्याचा सण. नवं पीक आधी देवांना दाखवायचं, मग घरात खायचं. तोवर आपल्याच वेलावरची काकडीसुद्धा तोडायची नाही. म्हणजे जेवण पुजाऱ्याने देवांपुढे ठेवलेलं असणार. आणि दुसऱ्या देवांपुढे ठेवलेलं खाऊ नये, असं मार्थाबाईंच्या मंडळीत लहानपणापासून शिकवतात. मोगीबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. बहिणीला बोलवावं कसं आणि अडवावं कसं, हे त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं.

मार्थाबाईंनी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, प्रश्न गंभीर आहे, मी वरिष्ठांना पत्र लिहितो. मार्थाबाई म्हणाल्या, लिहा, नवाई बुधवारी आहे. त्या आठवड्यात खिडकीतून शेगडीचा विषय निघाला नाही. पहाटे बोलणं चाले, पण हळू आवाजात, आणि हसू येत नसे. मंगळवारी सकाळी एकदम मोठ्याने ऐकू आलं, "मग आधीच सांगायचं ना." पाचच मिनिटांत त्या आमच्या दारात होत्या.

"काय म्हणाला?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारला याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"म्हणाला, वाढलं तर खायचं. लहानपणी आईनं शिकवलं नाही का तुला."

गाडी माझी न्यायची ठरली. पाळकसाहेबांना अडचणीत टाकायचं नव्हतं आणि दुसरं कोणी श्रद्धाळू नेलं तर चर्चा झाली असती. "तुम्हाला कुठलाच देव नाही, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन्हीकडे चालता." माझ्या नास्तिकपणाचा एवढा थेट उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता.

तळोद्यापर्यंत त्या मागच्या सीटवरून त्याच्याशी बोलत होत्या. अक्कलकुवा सोडून घाट लागला तशा गप्प झाल्या. आरशात पाहिलं, तर छत्री मांडीवर आडवी धरून सरळ बसलेल्या.

घर डोंगराच्या कुशीत, कुडाच्या भिंतींचं, पुढे अंगण. मोगीबाई दारातच होत्या. मार्थाबाईंचाच चेहरा, फक्त उन्हात जास्त राहिलेला. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना हात लावून दार अडवलं. मग त्या त्यांच्या भिलीत पुष्कळ बोलल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. संपल्यावर मी मार्थाबाईंकडे पाहिलं.

"उभी राहा म्हणते."

"कुठं?"

"इथंच. बाहेर."

आणि मार्थाबाई उभ्या राहिल्या. अंगणात, भादव्याच्या उन्हात, छत्री न उघडता. गावातली चार माणसं जमली. तो पुजारा, आता फारच म्हातारा, आतून भिंतीला टेकून बघत होता. मी त्या बाईंना आठ वर्षं ओळखत होतो. उत्तर न देता त्या कधी दोन मिनिटं राहिल्या नव्हत्या. मला खात्री होती की त्या आता तोंड उघडतील, समजावतील, आणि दार पाचव्यांदा लागेल. दोनदा त्यांचे ओठ हललेही. पण आवाज आला नाही. मी घड्याळ पाहत राहिलो, कारण तिथे माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. अर्धा तास झाला. वर तीन मिनिटं.

मग मोगीबाईंनी काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात. मार्थाबाईंनी मान हलवली.

"काय म्हणाली?"

"गुडघा दुखतो का विचारते."

"मग?"

"हो म्हटलं."

मोगीबाईंनी खांबांवरचे हात काढले आणि त्या बाजूला झाल्या.

आत सागाच्या पानांवर जेवण वाढलं. नव्या भगरीचा भात, डाळ, काकडीच्या फोडी. सगळे मार्थाबाईंच्या हाताकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता घरात प्रार्थना चालू झाली तर पुन्हा दार आणि अंगण. पण त्या फक्त हसल्या, नेहमीसारख्या, कुणीतरी पलीकडून चांगलं काही बोलल्यासारख्या. मोगीबाईंनी कोणाला हसतेस म्हणून विचारलं. मार्थाबाईंनी सांगितलं. पुजाऱ्याने ते ऐकलं, मान डोलावली, आणि त्याच्या हाताने त्यांच्या पानावर आणखी एक काकडीची फोड ठेवली. मार्थाबाईंनी ती खाल्ली. मग भात तीनदा घेतला. बहिणी बहिणी काय बोलल्या ते मला कोणी भाषांतर करून सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. याहा, म्हणजे आई, हा शब्द मात्र पुष्कळदा आला, तेवढा मला कळला.

निघताना मोगीबाईंनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, मार्थाबाईंचं वय झालं, त्यांनी आता इथे येऊन राहायचं. दुसरी, तू माझ्याकडे जेवलीस, तर मी तुझ्याकडे जेवणार. तू ज्याच्यासाठी नऊ वर्षं अडून बसलीस ते जेवण मला बघायचं आहे.

पहिलीला मार्थाबाई लगेच हो म्हणाल्या. दुसरीला त्यांनी हो म्हटलं तेव्हा त्यांना माहीत होतं की ते मेज फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं. घाटात मी आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "तो बघून घेईल. त्याच्या घरचं जेवण आहे."

पुढच्या पहिल्या रविवारी लोणखेड्यातलं सामान टेम्पोने आधीच वर गेलेलं होतं. मोगीबाई आदल्या दिवशी येऊन राहिल्या होत्या. नवं लुगडं, गळ्यात चांदीच्या हाशा, आणि सगळ्या चर्चमध्ये सगळ्यात ताठ पाठ. दोघी दुसऱ्या बाकावर बसल्या. मी माझ्या शेवटच्या. वरिष्ठांचं उत्तर अजून आलं नव्हतं.

गाणं झालं, वाचन झालं, प्रवचन त्या दिवशी कधी नव्हे ते छोटं झालं. ताट फिरत आलं. मार्थाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. सगळी मंडळी मान खाली घालून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. त्यांनी एक तुकडा उचलला. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा त्यांनी धरून ठेवला, आणि मग त्याचे दोन केले. एक तोंडात घातला. दुसरा बहिणीच्या हातावर ठेवला. मोगीबाईंनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि खाल्ला.

पाळकसाहेब त्या वेळी छताकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

मार्थाबाईंच्या खांद्यांवरून मला वाटलं, त्या रडत आहेत. त्या वळल्या तेव्हा कळलं, हसत होत्या, आणि दोन्ही गाल ओले होते. ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याचं त्या दिवशी त्या घरात स्वागत चाललं होतं की तोच त्यांचं करत होता, हे मी ठरवू शकलो नाही. मी इतिहासाचा माणूस आहे. पाहिलं तेवढं लिहितो.

बाहेर पायऱ्यांवर मोगीबाईंनी बहिणीला काहीतरी विचारलं. मार्थाबाई इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरावं लागलं.

"काय म्हणाली?"

"विचारते, आता जेवण कधी आहे."

अक्कलकुव्याची बस साडेबाराची होती. माझ्याशी त्या महिन्याभरात काही वाकडं झालं नव्हतं, तरी मार्थाबाईंनी माझी माफी मागून घेतली, शेवग्याबद्दल, एकंदरीत. मग दोघी रस्त्याच्या कडेने स्टँडकडे निघाल्या, एक भडक साडी आणि एक नवं लुगडं, एकाच छत्रीखाली, दोघीही एकाच वेळी बोलत.

बाकीची मंडळी आतच थांबली होती. त्या दिवशी वार्षिक सभा होती. विषय एकच होता, दाराशी चपलांसाठी नवी मांडणी करण्याचा. सभा साडेतीन तास चालली आणि निर्णय झाला नाही.